कोण जिंकला असता? वेगवेगळ्या काळातल्या पैलवानांची तुलना कशी करायची

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे कुस्तीचे मैदान सुटले की परतीच्या वाटेवर एक वाद हमखास रंगतो. आज गदा उचलणारा पैलवान गणपतराव आंदळकरांसमोर किती वेळ टिकला असता? एकजण म्हणतो, "सलामी झडायच्या आत आस्मान दिसलं असतं." दुसरा म्हणतो, "आजच्या पोरांचा वेग बघा, जुन्या पैलवानाला पट कधी निघाला तेही कळलं नसतं." दोघेही ठाम असतात आणि वाद सुटत नाही.

असाच वाद बॉक्सिंगमध्ये गेली शंभर वर्षे चालू आहे. जॅक डेम्प्सी, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली, माइक टायसन यांच्यात सर्वांत भारी कोण? हे चौघे एकाच वयात, एकाच रिंगणात कधी आलेच नाहीत. तरीही लोक त्यांची जोड लावतात.

अशा तुलनेला काही अर्थ असतो का? असतो, पण आधी लढतीच्या अटी ठरवाव्या लागतात. त्या कोणत्या आणि त्यांनी निकाल कसा पालटतो, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- "कोण जिंकला असता?" या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात.
- माती की गादी, वेळ किती, गुण कसे आणि वजन किती, यावर निकाल पालटतो. त्याच दोन पैलवानांचा निकालही पालटल्याची उदाहरणे आहेत.
- "याने त्याला हरवले, म्हणजे हा त्याच्याहून भारी" ही साखळी कुस्तीत भरवशाची नाही.
- पैलवान आपल्या काळात इतरांच्या किती पुढे होता, ही त्यातल्या त्यात विश्वासाची मोजपट्टी आहे.

एक प्रश्न, तीन अर्थ

पहिला अर्थ असा: १९६२ सालचे आंदळकर जसे होते तसे उचलून आजच्या गादीवर उभे केले, तर काय होईल? यात पैलवान तोच राहतो, त्याला आजच्या नियमांची सवय नसते, आजचा सराव मिळालेला नसतो.

दुसरा अर्थ: आंदळकर आजच्या काळात जन्मले असते आणि त्यांना आजचा आहार, आजचे प्रशिक्षक, व्हिडिओ पाहून केलेला अभ्यास आणि दुखापतीवरचे आजचे उपचार मिळाले असते, तर? यात आपण पैलवानाची अंगची ताकद, डोके आणि जिद्द यांची तुलना करतो. काळाने दिलेल्या सोयी दोघांना सारख्याच असतात.

तिसरा अर्थ: प्रत्यक्ष लढत लावायचीच नाही. फक्त इतकेच पाहायचे की आपापल्या काळात कोण इतरांपेक्षा किती वरचढ होता.

वादात एकजण पहिल्या अर्थाने बोलतो आणि दुसरा तिसऱ्या अर्थाने. "आंदळकरांनी एशियाडला सुवर्ण आणलं" हे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाले. "आजची कुस्ती फार वेगवान आहे" हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

संगणकाने लावलेली जोड: अली विरुद्ध मार्सियानो

हा वाद यंत्राकडून सोडवून घेण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. १९६७ साली मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याने वेगवेगळ्या काळातल्या १६ हेवीवेट बॉक्सरांची काल्पनिक स्पर्धा भरवली. प्रत्येकाची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात भरायची, संगणकाने निकाल द्यायचा आणि तो निकाल धावत्या वर्णनासारखा रेडिओवर ऐकवायचा, अशी योजना होती. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले, असे संगणकाने सांगितले.

त्या स्पर्धेत अली मात्र जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज १८९९ ते १९०५ या काळातला विजेता. प्रत्यक्ष रिंगणात तोवर एकही लढत न हरलेल्या अलीने नाव खराब केल्याबद्दल १० लाख डॉलरचा दावा लावला. शेवटी तडजोड झाली आणि अलीने मार्सियानोसोबत एका चित्रपटात लढण्याचे मान्य केले.

१९६९ साली मायामीत हे चित्रीकरण झाले. अली तेव्हा २७ वर्षांचा होता. मार्सियानो पंचेचाळिशीचा. ४९ लढती, ४९ विजय अशा नोंदीसह तो १९५६ सालीच निवृत्त झाला होता. चित्रीकरणासाठी त्याने २० किलोहून जास्त वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप घातला. एकेक मिनिटाच्या अनेक फेऱ्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात मार्सियानोचा मृत्यू झाला. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला, तेव्हा पडद्यावर मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत लोळवले.

संगणकाने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. त्याला जे आकडे दिले, त्यातून त्याने हिशेब मांडला. पण ठोशाची ताकद किती धरायची, चपळाईला किती महत्त्व द्यायचे, मार सोसण्याची तयारी कशी मोजायची, हे माणसांनीच ठरवले होते. संगणकात जेफ्रीजला अलीपेक्षा वरचढ धरणारे आकडे गेले, तर उत्तरही तेच येणार. यंत्र बदलले तरी ही अडचण जात नाही. आजच्या संगणकालाही अटी माणसानेच द्याव्या लागतात.

गामा आणि झिबिस्को: जोडी तीच, निकाल दोन

अटींनी निकाल किती पालटतो, हे दाखवणारे खरे उदाहरण आपल्याच कुस्तीत आहे.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को गामापेक्षा बराच वजनदार होता. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को पालथा पडून राहिला आणि खांदे काही टेकू देईना. अडीच तासांहून जास्त वेळ हेच चालले. शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, पण झिबिस्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला.

१९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी आखाडा मातीचा होता. गामाने झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले.

दोघांच्या वयात फार फरक नव्हता, म्हणजे अठरा वर्षांत दोघेही सारखेच थकले होते. तरीही एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा मिनिटभरात निकाल. बदलले होते ते मैदान आणि वातावरण. झिबिस्को तर मधल्या काळात अमेरिकेत जगज्जेताही झाला होता.

आता १९१० ची तीच लढत आजच्या नियमांनी मोजून पाहा. आज समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण मिळतात. नुसते पालथे पडून कुस्ती टाळणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि तरीही तो खेळला नाही तर गुण समोरच्याला जातो. म्हणजे जी लढत तेव्हा बरोबरीत सुटली, ती आज सहा मिनिटांत गामाने गुणांवर जिंकली असती. पैलवान तेच, डाव तेच, निकाल मात्र वेगळा.

मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती

महाराष्ट्रात जुन्या आणि नव्या पैलवानांची तुलना बहुतेक वेळा माती आणि गादी यांची तुलना असते. दोन्हीकडे चीत केले की कुस्ती संपते, पण बाकी बरेच काही वेगळे आहे.

- पकड: आखाड्यातल्या लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून ती मऊ केलेली असते. पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, घाम टिपला जातो आणि हात बसतो. मातीत लांग धरून डाव मारता येतो. गादीवर अंगातला पोशाख धरणे नियमाबाहेर आहे आणि घामाने अंग निसटते.
- पाय: मातीत अनवाणी पाय रुततो. पाय रोवून उभ्या राहिलेल्या पैलवानाला हलवणे अवघड जाते. गादीवर बूट असतात, झेप लवकर बसते, म्हणून एकेरी आणि दुहेरी पट तिथे जास्त निघतात.
- वेळ: जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती असेल तर निकाल लागेपर्यंत खेळायचे. बराच वेळ खडाखडीच चालली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, एकूण सहा मिनिटे.
- विजय: जुन्या मैदानी कुस्तीत पाठ लागली तरच विजय. गादीवर चीत न करताही गुणांवर जिंकता येते. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.
- हद्द: गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते. त्याच्या बाहेर पाय पडला की समोरच्याला एक गुण. हौद्याच्या कडेला गेलेली कुस्ती पंच उचलून पुन्हा मध्यभागी लावतात.

यातून दोन वेगळ्या प्रकारचे पैलवान घडतात. मातीत तासभर दम टिकवायचा असतो, समोरच्याला थकवून मग घिस्सा किंवा ढाक मारायची असते. घाई करणारा तिथे स्वतःच पडतो. गादीवर सहा मिनिटांत सगळे बाहेर काढायचे असते, दर काही सेकंदांनी हल्ला करायचा असतो. तिथे वाट पाहणारा हरतो.

म्हणून "जुने पैलवान संथ होते" हे म्हणणे अर्धवट आहे. त्यांच्या कुस्तीत सावकाश खेळणे शहाणपणाचे होते. "आजच्या पैलवानांना दम नाही" हेही अर्धवटच. सहा मिनिटांच्या कुस्तीसाठी तासाभराचा दम कमावणे ही आज वाया गेलेली मेहनत ठरेल.

गादीचे नियमही एकसारखे राहिले नाहीत

गादीवरच्या दोन काळांची तुलनाही सोपी नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीची वेळ १५ मिनिटे होती. १९७० च्या दशकात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत.

२००५ पासून दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आल्या आणि प्रत्येक फेरी वेगळी जिंकावी लागे. एखादी फेरी शून्य-शून्य राहिली तर रंगीत चेंडू काढून पाय धरण्याची संधी कोणाला, हे ठरत असे. २०१३ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली आणि एकच धावपळ उडाली. त्याच वर्षी नियम बदलले, फेऱ्यांचे गुण एकत्र मोजले जाऊ लागले आणि खाली घेण्याला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले. सप्टेंबरमध्ये कुस्तीने ऑलिंपिकमधली जागा परत मिळवली.

२०१० साली बचाव करून, चेंडूच्या नशिबावर फेरी काढणारा पैलवान २०१४ साली त्याच खेळावर हरू शकत होता. चार वर्षांत इतका फरक पडत असेल, तर साठ वर्षांत किती पडेल याचा अंदाज करता येतो.

वजन: नाव तेच, माणूस वेगळा

"हेवीवेट" या शब्दाचा अर्थही काळाबरोबर बदलला आहे. मार्सियानो विजेता असताना त्याचे वजन ८५ किलोच्या आसपास होते. आज बॉक्सिंगमध्ये २०० पौंड, म्हणजे सुमारे ९०.७ किलोपर्यंतच्या बॉक्सरांसाठी क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. मार्सियानो आज असता तर त्या गटात खेळला असता. टायसन फ्युरीसारखा आजचा हेवीवेट २०६ सेंटिमीटर उंच आणि १२० किलोच्या आसपास असतो. मार्सियानोची उंची होती सुमारे १७९ सेंटिमीटर.

कुस्तीतही तसेच. १९६२ साली सर्वांत वरचा गट ९७ किलोच्या पुढे सुरू होई आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. १९८५ पासून १३० किलोची मर्यादा आली, पुढे ती १२० झाली आणि आता १२५ किलो आहे. महाराष्ट्र केसरीच्या गटात ८६ ते १२५ किलोचे पैलवान खेळतात.

वजन म्हणजे सर्वस्व नाही, हेही खरे. नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७४ किलो गटात खेळायचा. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने याच गटात कांस्यपदक जिंकले. त्याआधी २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरीही झाला होता. तरीही पंचवीस-तीस किलोंचा फरक असेल तर काल्पनिक लढतीत तो धरावाच लागतो.

"याने त्याला हरवलं" ही साखळी कुठे तुटते?

दोन काळ जोडण्याचा एक लोकप्रिय मार्ग म्हणजे साखळी. जुन्या पैलवानाने उतरत्या वयात ज्याला हरवले, त्याने पुढे नव्या पैलवानाला हरवले, म्हणजे जुना भारी. बुद्धिबळात खेळाडूंचे मानांकन काहीसे याच तत्त्वावर चालते. कुस्तीत मात्र ही साखळी एका वर्षातही टिकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवले. त्या लढतीत टांग या डावाला चार गुण द्यायचे की कमी, यावर राज्यभर वाद झाला. पुढे किताबी लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटभराच्या आत चीत केले. साखळी सांगते, शिवराज सर्वांत वर आणि सिकंदर सर्वांत खाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला पुन्हा स्पर्धा झाली आणि किताबी लढतीत सिकंदरने शिवराजला काही सेकंदांत चीत करून गदा मिळवली.

महेंद्र सिकंदरला भारी, शिवराज महेंद्रला भारी आणि सिकंदर शिवराजला भारी. तिघेही एकाच काळातले, एकाच राज्यातले, आणि तिन्ही लढतींचे व्हिडिओ उपलब्ध.

बॉक्सिंगमध्येही असेच घडले आहे. १९७३ साली केन नॉर्टनने अलीला हरवले. मार्च १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनने नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत संपवले. साखळीनुसार अलीला फोरमनसमोर उभेच राहता येऊ नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत लोळवले.

याचे कारण खेळण्याची ढब. एखाद्याचा पट दुसऱ्याला झेपत नाही, पण तिसरा तोच पट सहज उलटवतो. वस्ताद मंडळी जोड लावताना हेच बघतात. ताकद किती यापेक्षा कोणाचा खेळ कोणाच्या खेळाला अडतो, हे पाहतात.

दरवर्षी होणारी दोन जगांची लढत

माती आणि गादी समोरासमोर आली तर काय होते, हे पाहण्याची सोय महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. तिच्यात माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळवले जातात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडतात.

२०१७ साली भूगावला गादी विभागातल्या अभिजित कटकेने माती विभागातल्या किरण भगतला हरवले. पुढच्याच वर्षी जालन्यात माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने याच अभिजितला हरवले. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला गादी विभागाचा हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागाचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवार यांच्याच तालमीत घडलेले. हर्षवर्धन निसटत्या गुणांनी जिंकला.

यावरून गादीवाला नेहमी जिंकतो किंवा मातीवाला नेहमी हरतो असे दिसत नाही. अलीकडच्या किताबी लढती गादीवर होतात आणि माती विभागातही आता वेळ आणि गुण मोजले जातात. म्हणजे आजचा माती विभागातला पैलवान गादीच्या नियमांना सरावलेला असतो. जुन्या निकाली कुस्तीतला पैलवान तसा नव्हता. त्यामुळे आजच्या माती विभागाच्या निकालावरून आंदळकरांच्या काळातल्या मातीबद्दल अंदाज बांधता येत नाही.

नवे मैदान शिकायला किती वेळ लागतो? खाशाबा जाधवांचे उदाहरण

एका जगातला पैलवान दुसऱ्या जगात रुळू शकतो का? याचे सर्वांत चांगले उत्तर खाशाबा जाधवांकडे आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीत घडलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात उतरले. गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगिराचे मार्गदर्शन त्यांना मिळाले आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते.

ज्या खाशाबांना १९४८ साली कोणी सहाव्या क्रमांकाचा पैलवान म्हटले असते, तेच चार वर्षांत जगातल्या पहिल्या तिघांत आले. पहिल्या अर्थाने विचारले तर लंडनचे खाशाबा गादीवर मागे होते. दुसऱ्या अर्थाने विचारले तर संधी मिळताच ते पुढे गेले. जुन्या पैलवानाला आजच्या गादीवर एका दिवसात उभे करून "बघा, हरला" म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

मग आंदळकर की आजचा महाराष्ट्र केसरी?

आता मूळ वादाकडे येऊ. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य जिंकले. १९६४ साली ते टोकियो ऑलिंपिकला गेले. त्यांच्यासोबत जकार्तात मारुती माने यांनीही ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य आणले होते. म्हणजे हे दोघे निव्वळ मातीतले पैलवान नव्हते, गादीही त्यांनी जिंकली होती. अटींनुसार उत्तरे अशी निघतात:

- आजची गादी, सहा मिनिटे, आंदळकर १९६२ सालचे: पारडे आजच्या पैलवानाकडे झुकते. वर्तुळाबाहेर पाय पडला की गुण जातो, खाली घेण्याला दोन गुण आहेत, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आंदळकरांना ते पहिल्याच कुस्तीत कळणार.
- खासबागची माती, निकाली कुस्ती: पारडे आंदळकरांकडे. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात पाऊण तास झुंजायचे असेल, तर सहा मिनिटांसाठी घडवलेल्या शरीराची तिथे कसोटी लागेल.
- दोघांनाही सारखा सराव आणि सारखा आहार: यात खात्रीने कोणाचेच नाव घेता येत नाही. खाशाबांचे उदाहरण पाहता आंदळकर मागे राहिले असते असे मानायला मात्र आधार नाही.
- आपापल्या काळातली उंची: इथे आंदळकर स्पष्टपणे पुढे. महाराष्ट्र केसरी हा राज्याचा मान आहे, एशियाडचे सुवर्ण त्याहून मोठ्या मैदानातले आहे. आजच्या पैलवानाने आशियाई पातळीवर पदक आणले, तरच ही तुलना बरोबरीची होते.

या शेवटच्या मोजपट्टीलाही एक मर्यादा आहे. त्या काळी गटात किती देश उतरले होते, स्पर्धा किती खोल होती, हे धरूनच पदकाचे वजन करावे लागते.

आठवणींची गल्लत

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे लागते. जुन्या काळातले आपल्याला फक्त श्रीपती खंचनाळे, आंदळकर, मारुती माने असे अव्वल पैलवान आठवतात. त्यांच्या काळातले शेकडो सामान्य पैलवान विसरले गेले. आजचे मात्र सगळेच डोळ्यांसमोर असतात, हरणारेही. मग आपण तेव्हाच्या सर्वोत्तमाची आजच्या सरासरीशी तुलना करून "आता ती कुस्ती राहिली नाही" असे म्हणून टाकतो.

जुन्या मैदानी कुस्त्यांचे चित्रीकरणही फारसे नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टीत खुराक वाढत जातो, जोर-बैठकांचा आकडा वाढत जातो आणि कुस्तीचा वेळही वाढत जातो. आजच्या पैलवानाचे असे होत नाही, त्याची प्रत्येक चूक मोबाइलमध्ये राहते.

या बोलण्याचा भार तालमीतल्या पोरांवर पडतो. मैदानी कुस्तीत गावोगावी इनाम आणि टाळ्या मिळतात, ऑलिंपिकचा रस्ता मात्र गादीवरूनच जातो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला "जुन्यांपुढे तू काहीच नाहीस" असे ऐकवले, तर तो नेमके कोणाच्या नियमांनी हरला हे त्याला कधीच कळत नाही. आणि "मातीत आता काय ठेवलंय" असे म्हटले, तर लांग धरून मारायचे डाव आणि तासभर झुंजण्याची कला शिकायला कोणी उरत नाही.

वाद घालण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. कोणत्या वर्षातला पैलवान? ऐन उमेदीतला की उतरत्या वयातला?

२. मैदान कोणते, माती की गादी?

३. वेळ किती आणि विजय कशाने ठरणार, चीत करून की गुणांवर?

४. दोघांच्या वजनात फरक किती?

५. नव्या नियमांचा सराव करायला वेळ द्यायचा की नाही?

हे पाच प्रश्न सुटले की अर्धा वाद तिथेच मिटतो, कारण दोघे वेगवेगळ्या मैदानाबद्दल बोलत होते हे लक्षात येते. उरलेला अर्धा वाद पैलवानांच्या ढबीचा आहे, कोणाचा पट, कोणाची ढाक, कोणाचा दम याचा. तो खुशाल घालावा. मैदानावरून घरी जातानाची खरी मजा त्यातच आहे.